सॅली जहाजाची हिशेबवही

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या अमेरिकन सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांना तो अर्पण केलेला आहे, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन अवघी आठ वर्षे लोटली होती आणि त्या मुक्ततेचा सुगंध सातासमुद्रापार पुण्यापर्यंत पोहोचला होता. मुक्ततेचा हा इतिहास जितका सर्वतोमुखी झाला तितका त्याच्या आधीच्या व्यापाराचा झाला नाही. आफ्रिका व अमेरिका यांचे नाते मुळात कोणत्या हिशेबावर उभे राहिले, हे जाणण्यासाठी भाषणांपेक्षा त्या काळच्या वह्या आणि पत्रे अधिक उपयोगी पडतात.

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की दक्षिणेकडील कापसाचे मळे डोळ्यांपुढे येतात. मळे दक्षिणेत होते हे खरे; परंतु आफ्रिकेला जाणारी अमेरिकन गलबते बव्हंशी उत्तरेकडील बंदरांतून सुटत, आणि त्यांत अग्रभागी होती ऱ्होड आयलंड ही चिमुकली वसाहत. तिचे जमिनीचे क्षेत्र आपल्या गोव्याहूनही कमी. पण या एवढ्याशा भूमीवरून नऊशेहून अधिक सफरी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेल्या आणि सुमारे एक लाख माणसे त्यांनी समुद्रापार नेली. अटलांटिक ओलांडून झालेल्या एकंदर व्यापाराच्या मानाने हा आकडा लहान आहे. चार शतकांत सुमारे सव्वा कोट आफ्रिकी माणसे जहाजांवर चढविण्यात आली, त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली आणि त्यांतली चार लाखांहून थोडी कमी तेवढी थेट उत्तर अमेरिकेच्या भूमीवर आली. बाकीची ब्राझील व वेस्ट इंडिजमधील उसाच्या मळ्यांनी गिळली. या धंद्यात सर्वांत मोठा वाटा पोर्तुगीजांचा आणि त्याखालोखाल इंग्रजांचा. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्यातही आफ्रिकी गुलाम आणले होते, तेव्हा या विषयाकडे केवळ परमुलखातील गोष्ट म्हणून पाहण्याची सोय आपल्यालाही नाही. असो.

ऱ्होड आयलंडने हा धंदा का धरला, याचे उत्तर एका शब्दात देता येते : काकवी. वेस्ट इंडिजच्या मळ्यांतून स्वस्त काकवी यायची, तिची रम गाळली जायची, ती रम आफ्रिकेत जायची, तिच्या मोबदल्यात माणसे घेतली जायची, आणि ती माणसे पुन्हा त्याच मळ्यांवर ऊस कापायला विकली जायची. १७६४ च्या जानेवारीत, इंग्लंड काकवीवरील जकात सक्तीने वसूल करणार अशी वार्ता आल्यावर, या वसाहतीने विलायतेच्या व्यापारमंडळाकडे एक तक्रारअर्ज धाडला. आपल्याकडे तीसहून अधिक भट्ट्या आहेत, दरसाल सुमारे १४,००० पिंपे काकवी येते, आणि अठराएक जहाजे दरसाल १,८०० पिंपे रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेतात, असे त्यात नमूद आहे. ही जकात वसूल झाली तर हे सारे बुडेल, ही विनवणी. अर्जदारांना आपण काही लपवावे असे वाटले नाही, हेच या कागदाचे वैशिष्ट्य होय. विणकराने आपल्या मागांची संख्या सांगावी तितक्या सरळपणे त्यांनी ती माहिती दिली आहे.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ‘सॅली’ नावाचे एक दोन डोलकाठ्यांचे गलबत ऱ्होड आयलंडहून निघाले. मालक होते प्रॉव्हिडन्स गावचे निकोलस, जोसेफ, जॉन व मोझेस हे चार ब्राऊन बंधू. हे घराणे मोठे उद्यमशील. देवमाशाच्या चरबीपासून मेणबत्त्या करण्याचा त्यांचा कारखाना होता. प्रॉव्हिडन्सहून आफ्रिकेला गेलेले पहिले गुलामवाहू गलबतही १७३६ साली त्यांच्या वडिलांनीच धाडले होते. सॅलीचा कप्तान ईसेक हॉपकिन्स. त्याचा सख्खा भाऊ स्टीफन वसाहतीचा गव्हर्नर होता आणि पुढे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही पडली. खुद्द ईसेक हा पुढे अमेरिकेच्या बंडखोर आरमाराचा पहिला सेनापती झाला. सांगायचे ते इतकेच की, ही गावाच्या कडेला राहणारी, लपूनछपून धंदा करणारी माणसे नव्हती. ती गावातील पहिल्या पंक्तीची माणसे होती.

या सफरीची हिशेबवही, बंधूंनी कप्तानाला दिलेले सूचनापत्र आणि उभयतांचा पत्रव्यवहार सुदैवाने टिकून राहिला आहे. प्रॉव्हिडन्स येथील जॉन कार्टर ब्राऊन ग्रंथालयात ही वही आहे. पत्रात आज्ञा अशी की, किनाऱ्यावर जाऊन माल विकावा, गुलाम घ्यावेत, ते वेस्ट इंडिजमध्ये अथवा सोयीच्या बंदरी विकावेत. आणि परत येताना घरच्या कामासाठी पंधराएक वर्षांची वा त्याहून लहान अशी चार चांगली मुले आणावीत. कप्तानाच्या मेहनतान्यात काही गुलाम स्वतःच्या हिशेबी विकण्याची मुभाही होती. जहाजावर माल होता १७,२७४ गॅलन रम, शिवाय मेणबत्त्या, तंबाखू, पीठ आणि कांद्याच्या जुड्या. त्याच यादीत ४० हातकड्या व ४० बेड्या आहेत. कांदा आणि बेडी एकाच शाईने, एकाच पानावर उतरलेली आहे.

नोव्हेंबरात गलबत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. सारा माल एका दिवसात विकून शंभर-दोनशे माणसे एकदम चढविली जात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. स्थानिक राजांना नजराणे द्यावे लागत, इतर गोऱ्या व्यापाऱ्यांशी मालाची अदलाबदल करावी लागे, आणि माणसे मिळत ती एकदोन, तीनचार अशी. रम हेच तेथले नाणे. अशा रीतीने सॅलीला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. जितका विलंब मालकाच्या तोट्याचा, त्याहून कितीतरी अधिक तो आधी विकत घेतलेल्यांच्या जिवावरचा. कारण डिसेंबरात घेतलेल्या माणसाला किनारा डोळ्यांसमोर दिसत असताना ऑगस्टपर्यंत बेडी घालून डेकखाली पडून राहावे लागे.

हॉपकिन्सने एकूण १९६ माणसे घेतली. त्यांतील २१ त्याने तेथेच इतर व्यापाऱ्यांना विकली. किनारा सोडण्यापूर्वीच १९ जण दगावले, त्यांत मुलेही होती. जून १७६५ मधील एका नोंदीत एका स्त्रीने डेकखाली गळफास लावून घेतल्याचे लिहिले आहे. तिचे नाव नाही, गाव नाही, वय नाही. आणखी एक स्त्री जहाज निघाले त्या दिवशी मरणोन्मुख म्हणून मागे टाकण्यात आली. १५५ जणांना घेऊन सॅली ऑगस्टच्या उत्तरार्धात समुद्रात शिरली.

खलाशी आजारी पडू लागले तेव्हा कप्तानाने काही बंदिवानांना कामासाठी मोकळे केले. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी इतरांना सोडविले आणि सारे उठले. वहीतील नोंद दोन ओळींची आहे : गुलाम उठले, गोळ्या झाडाव्या लागल्या, आठ मारले, आणखी कित्येक जखमी झाले, एकाची मांडी मोडली, एकाच्या बरगड्या. जखमींपैकी दोघे पुढे गेले. नंतरच्या पत्रात कप्तान कळवितो की, त्या प्रसंगानंतर गुलामांचे मन इतके खचले की काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी अन्न सोडले आणि बाकीचे आजारी पडून मेले. अन्न सोडण्याला येथे रोगाच्या शेजारी जागा दिली आहे. तो एक निश्चय होता, हे कप्तानाला कळले नसेल असे म्हणवत नाही.

समुद्र ओलांडताना ६८ जण मेले, वेस्ट इंडिजला पोहोचल्यावर आणखी २० आणि प्रॉव्हिडन्सच्या वाटेवर एक. १९६ पैकी निदान १०९. अँटिग्वा बेटावर २४ जण विकले गेले, तेही अशक्तपणामुळे अगदी पडत्या भावाने. नुकसानीची बातमी समजल्यावर बंधूंनी कप्तानाला लिहिलेले पत्रही उपलब्ध आहे. आपली प्रकृती ठीक आहे एवढ्याने आम्हांस इतके समाधान आहे की मोठा तोटा होऊनही आम्ही आनंदी आहोत, असा त्याचा आशय. पत्र सौजन्यपूर्ण आहे, आणि ते सौजन्य वाचवत नाही.

चौघांपैकी तिघांनी हा धंदा यानंतर पुन्हा केला नाही. त्याचे कारण मात्र प्रथमतः तोटाच दिसते. मोझेसचे मन खरे पालटले ते पुढे, पत्नीच्या निधनानंतर. १७७३ साली त्याने आपल्या घरचे गुलाम मुक्त केले व पुढल्या वर्षी तो क्वेकर पंथात गेला. १७८७ मध्ये ऱ्होड आयलंडने आपल्या रहिवाशांना गुलामांच्या व्यापारास मनाई केली, त्यामागे त्याची खटपट होती. जॉनने मात्र धंदा सोडला नाही. १७८९ साली या दोन सख्ख्या भावांचा वाद गावच्या वृत्तपत्रांतून सुरू झाला. १७९४ मध्ये काँग्रेसने परदेशी बंदरांना गुलाम पुरविण्यास बंदी केली, आणि त्या कायद्याखाली १७९७ साली खटला झालेला पहिला अमेरिकन हाच जॉन ब्राऊन. त्याचे ‘होप’ हे गलबत जप्त झाले. होप म्हणजे आशा! हाच गृहस्थ पुढे काँग्रेसचा सभासद झाला आणि १८०० साली तो कायदा अधिक कडक करण्याच्या विरोधात मत देणाऱ्या पाच जणांत बसला. मोझेसला तरी निष्कलंक म्हणावे काय? १७९० च्या सुमारास त्याने पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटरला हाताशी धरून सूतगिरणी उभारली. अशा गिरण्यांना पुढे लागलेला कापूस गुलामांनीच पिकविलेला होता.

१ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास अमेरिकेत पूर्ण बंदी झाली, आणि १८२० साली त्या गुन्ह्यास चाचेगिरी ठरवून फाशीची शिक्षा सांगण्यात आली. तरी चोरटा व्यापार यादवी युद्धापर्यंत चालला; फाशी गेला तो एकटा कप्तान नॅथॅनियल गॉर्डन, १८६२ साली.

प्रॉव्हिडन्सचे महाविद्यालय १८०४ पासून ब्राऊन घराण्याचे नाव धारण करते. २००१ साली गुलामांच्या वंशातील रूथ सिमन्स या विदुषी तेथे विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या, आणि २००३ मध्ये त्यांनी संस्थेच्या या पूर्वेतिहासाचा शोध घेण्यासाठी समिती नेमली. २००६ च्या तिच्या अहवालाने सॅलीची वही सर्वांसमोर आली. त्याच समितीने विद्यापीठाच्या सर्वांत जुन्या इमारतीचे, १७७० साली सुरू झालेल्या बांधकामाचे, हिशेबही पाहिले. कोणी लाकूड दिले, कोणी पैसा दिला, कोणी मजूर दिले, हे त्यांत लिहिलेले आहे. सॅलीच्या वहीत १९६ माणसांपैकी एकाचेही नाव नाही. बांधकामाच्या हिशेबात मात्र हेन्री पॅजेट नावाच्या गृहस्थाच्या एका गुलामाचे नाव आढळते. त्याचे नाव पेरो.