अर्धं संभाषण

आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरून रात्री विमानाचे दिवे दिसतात. सगळे म्हणतात, "किती शांत!" पण वर पायलटची बडबड चालू असते. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

आपलं एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतं. त्याच्या जरा वर, ११८ ते १३७ मध्ये, हे बोलणं चालतं, तेही जुन्या एएम पद्धतीने. का? एफएममध्ये दोघे एकदम बोलले, तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. एएममध्ये शिट्टी तरी वाजते. कळतं की आणखी कोणीतरी बोललं.

या लहरी सरळ रेषेत जातात. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं. सांताक्रूझचा टॉवर मात्र माणगावहून शंभरेक किलोमीटरवर, क्षितिजाआड. म्हणजे इथे फक्त पायलट ऐकू येणार, फोनवर बोलणाऱ्या रूममेटसारखा. तरी सगळं कळेल! कारण टॉवरने सांगितलेली उंची, दिशा, रनवे पायलटला परत म्हणून दाखवावं लागतं. हा रीडबॅक. चुकला तर टॉवर तिथेच दुरुस्त करतो.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. एका पायलटने परवानगीआधीच विमान पळवलं होतं. टॉवर "ओके" म्हणाला. पुढचं "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचं "आम्ही अजून रनवेवर आहोत" एकदम आलं. कॉकपिटमध्ये "ओके"नंतर नीट असं काही पोचलंच नाही, नुसती शिट्टी.

पण लगेच रिसीव्हर आणू नका हं! आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगता येत नाही. अमेरिकेत डॅलस फोर्ट वर्थ विमानतळाच्या फाउंडर्स प्लाझात मात्र टॉवरचं बोलणं प्रेक्षकांना स्पीकरवर ऐकवतात. आपल्या रायगडातही २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. अर्धवट ऐकून अफवा उठतील ही भीती खरी आहे. पण तिथे असा एक स्पीकर लागला, तर शाळेच्या सहलीला नीट ऐकणं म्हणजे काय ते कळेल.

मला ते उशिरा कळलं. मागच्या वर्षी बाबांच्या गोळीचा डोस मी आईला फोनवर सांगितला, "अर्धीच दे." रेंज जात-येत होती. आई "बरं" म्हणाली आणि दोन दिवस पूर्ण गोळी दिली. बाबांना चक्कर आली, थोडक्यात निभावलं. आता मी फोन ठेवत नाही. "आई, मी काय सांगितलं, परत सांग बघू."

ती चिडते. पण सांगते.