खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस



तुरीची रास झाली की तुराट्यांचे भारे परसात रचून ठेवायचे आणि वर्षभर तेच चुलीत घालायचे, ही आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातील जुनी रीत. आता बहुतेक घरी सिलिंडर आला आहे. पण तो संपला आणि हाती पैसा नसला की माता-भगिनी पुन्हा चुलीपुढे बसतात. चुलीच्या धुराने खोकला, दमा व डोळ्यांचे विकार जडतात आणि लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून घरच्या खरकट्यापासून गॅस तयार करण्याची जी सोय आहे, तिची माहिती आज करून घेऊ.

गोबरगॅस आपल्याला नवा नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने तो १९६० नंतर गावोगाव नेला आणि १९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय योजनाही सुरू झाली. तरीही अनेक घरांना तो लाभला नाही, याचे कारण सरळ आहे. पाच-सहा माणसांच्या घराला पुरेल अशा दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. एका म्हशीवर संसार करणाऱ्याने किंवा मजुरीवर जगणाऱ्याने एवढे शेण आणायचे कोठून?

या अडचणीवर पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेत उत्तर शोधले गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास असा विचार मांडला, की शेण हा गाईने आधीच पचवून उरलेला चोथा आहे. गॅस करणारे जंतू मूळचे गाईच्या पोटातले. मग त्यांना चोथा देण्याऐवजी पीठ, भात, फळे असे कसदार अन्नच का देऊ नये? या कामाला २००६ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेचा हिशेब असा, की पिठासारखा सुमारे दोन किलो पिष्टमय किंवा साखरयुक्त माल घातला तर एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो. मिथेन म्हणजे या गॅसमधला जळणारा भाग.

आपल्या घरी किती गॅस मिळेल?

येथे नीट हिशेब केला पाहिजे, नाहीतर पदरी निराशा येते. वरचा आकडा कोरड्या पिठाचा आहे. भाजीच्या देठांत व सालींत पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते. तेव्हा दोन किलो ओल्या कचऱ्यावर एक लहान शेगडी फार तर अर्धा-पाऊण तास चालेल. चहा आणि एखादी भाजी होईल, घरभराच्या भाकरी होणार नाहीत. पूर्ण स्वयंपाकासाठी खरकट्याला जोड हवी. किडलेले पीठ, पावसात भिजून काळी पडलेली व बुरशी आलेली ज्वारी, सडकी फळे, करंजाची पेंड असा माल त्यासाठी चालतो. बुरशी आलेले धान्य जनावरांना घालणे धोक्याचे असते, ते टाकीत मात्र कामी येते. पण चांगली भाकरी, कोंडा किंवा डाळ मिलची चुनी टाकीत घालू नये. आधी माणूस, मग जनावर, आणि दोघांच्याही उपयोगाचे नाही ते टाकीला, हा क्रम पाळावा.

टाकीची रचना

पाण्याच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या घ्याव्यात, एक हजार लिटरची व दुसरी साडेसातशे लिटरची. मोठीचे तोंड कापून ती उन्हात, सपाट व पक्क्या जागी ठेवावी. लहान टाकी तिच्यात पालथी घालावी. दोन्हींमध्ये थोडीच फट राहावी, म्हणजे आतली वर-खाली सहज सरकेल. गॅस साठला की ती वर येते आणि वापरला की खाली बसते, म्हणून साठा डोळ्यांना दिसतो. कालवण घालण्याचा नळ मोठ्या टाकीच्या तळाजवळ उघडावा आणि मळी बाहेर पडण्याचा नळ वरच्या बाजूस असावा. गॅसची तोटी पालथ्या टाकीच्या माथ्यावर बसवावी. या गॅसचा दाब कमी असतो, म्हणून शेगडीपर्यंतची नळी आखूड व रुंद ठेवावी आणि टाकीवर थोडे वजन द्यावे. नळीत पाणी साठते, ते काढण्यासाठी सर्वांत खालच्या जागी एक तोटी ठेवावी. शेगडी बायोगॅसची असावी. सिलिंडरच्या शेगडीचे भोक लहान असल्याने तिच्यावर हा गॅस नीट जळत नाही.

सुरुवात आणि रोजचा खुराक

पहिल्यांदा ताजे शेण व पाणी सारख्या प्रमाणात कालवून टाकी भरावी. हे शेण एकदाच लागते, ते शेजाऱ्याकडून मागून आणले तरी चालते. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत गॅस येऊ लागतो, थंडीत जास्त दिवस लागतात. पहिला गॅस जळत नाही आणि त्यात हवाही मिसळलेली असते. तो दोन-तीन वेळा मोकळ्या जागी सोडून द्यावा. पुढे गॅस नीट जळू लागल्यावर रोज मूठ-दोन मूठ पीठ पाण्यात कालवून घालावे आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू एक-दीड किलोपर्यंत जावे. खरकटे बारीक करून, सकाळ-संध्याकाळ विभागून घालावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. म्हणून बाहेर पडलेली पातळ मळीच कालवायला परत वापरावी, नवे पाणी थोडेच लागेल.

हाडे, अंड्यांची टरफले, नारळाची शेंडी, कडबा व कांद्याची टरफले घालू नयेत. लिंबाच्या साली, लोणचे व फार खारट पदार्थही टाळावेत. साबणाचे पाणी आणि फिनाईल तर थेंबभरही जाऊ देऊ नये, त्याने जंतू मरतात.

टाकीचे पोट बिघडते कसे?

बैलाने मोकळ्या सापडलेल्या ज्वारीवर ताव मारला तर त्याचे पोट आंबते व तो आडवा होतो, हे आपणास ठाऊक आहेच. टाकीचेही तसेच आहे. तिच्यात दोन प्रकारचे जंतू असतात. पहिले अन्नाचे आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा गॅस करतात. पहिले चपळ आहेत आणि दुसरे संथ. एकदम फार अन्न घातले की आम्ल साठते, दुसरे जंतू दबतात आणि ज्योत विझते. लग्नाचे, नाताळचे किंवा चर्चच्या सणाच्या जेवणावळीचे उरलेले अन्न एकाच दिवशी ओतल्यास असे होते. आंबूस वास आला व गॅस जळेना, तर खुराक काही दिवस बंद ठेवावा, बादलीभर ताज्या शेणाचा काला घालावा आणि ज्योत निळी झाल्यावर पुन्हा मुठीपासून सुरुवात करावी.

थंडीतही जंतू मंदावतात. त्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. म्हणून पौष-माघात खुराक कमी करावा व कोमट पाण्यात कालवावा.

धोक्याच्या गोष्टी

हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळले तर ठिणगीने भडका उडतो. म्हणून टाकी घराबाहेरच ठेवावी. गॅस आहे की नाही हे पाहण्यासाठी टाकीच्या तोटीशी काडी ओढू नये, शेगडीवरच पाहावे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर गळती समजावी, तोटी बंद करावी व दारे-खिडक्या उघडाव्यात. टाकी साफ करताना आत डोके घालू नये, कारण आतला वायू माणसाला बेशुद्ध करतो. लहान मुले टाकीवर चढणार नाहीत, अशी व्यवस्था करावी.

बाहेर पडणारी मळी वाया घालवू नये. अन्नातील कार्बन गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद व पालाश मळीतच राहतात. तिच्यात पाणी मिसळून ती परसातल्या वांगी-मिरचीला व शेवग्याला द्यावी.

बंधू-भगिनींनो, खर्च करण्यापूर्वी एक काम करा. आठ दिवस घरातले खरकटे व खराब धान्य वेगवेगळे तोला. रोज किलोभर कोरडा माल निघत असेल तर टाकी तुमच्या चुलीचा बराच भार उचलेल. केवळ साली निघत असतील तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक टाकी करावी, किंवा घरच्या एका म्हशीच्या शेणाची जोड द्यावी. आणि टाकी बसवलीच, तर गोठ्यातल्या जनावराप्रमाणे तिलाही रोज वेळेवर व बेताने खाऊ घाला.