घाटेअळीचा रोग आपल्या कामाचा

हरभऱ्याला घाटे धरले की भोर-वेल्ह्याच्या शिवारात पाठीवर पंप चढतात. विषारी औषध, उघडे हात, आणि त्याच हातांनी भाकरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

या अळीला मारणारा एक विषाणू आहे, एच.ए.एन.पी.व्ही. तो प्रथिनाच्या डबीत बंद असतो. पाल्याबरोबर अळीच्या पोटात गेला की तिथल्या रसात डबी विरघळते आणि काही दिवसांत अळी शेंड्याला उलटी लटकून मरते. माणसाला, गुराढोरांना, मधमाशीला अपाय नाही. उन्हात मात्र तो टिकत नाही. म्हणून फवारा सायंकाळी मारायचा आणि पाण्यात थोडी नीळ घालायची. पांढऱ्या सदऱ्याला घालतो तीच नीळ! अळी बारीक असतानाच मारावा, मोठीला तो जुमानत नाही.

हे डबीचे प्रथिन विषाणू भरमसाट तयार करतो. १९८३ साली अमेरिकेत मॅक्स समर्स व गेल स्मिथ यांनी अशाच एका विषाणूत त्या जागी माणसाच्या इंटरफेरॉनचा जनुक बसवला, आणि किड्याच्या पेशी इंटरफेरॉन बनवू लागल्या. नोव्हावॅक्सची, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्होवॅक्स लस याच वाटेने आली. डिसेंबर २०२१ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता मिळाली.

आम्ही मात्र भावाच्या हरभऱ्यासाठी दुकानात तो विषाणू मागितला, तर दुकानदाराने विषाचीच बाटली पुढे केली. अळी काही थांबत नाही. त्या वर्षी आम्ही तीच घेतली.