श्वास मोजणारे मणी

प्रयोगशाळेतील संशोधकास एक मोठी मोकळीक असते. जी बाब त्याच्या प्रश्नाच्या आड येईल ती त्याला चार भिंतींबाहेर ठेवता येते. परंतु ज्याचा प्रश्नच बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत उपजतो, त्याला ती खोली, तेथील धूर, परक्या माणसाला बाळ दाखविण्याविषयीचा घरच्यांचा संकोच आणि पावसाळ्यात बंद पडणारी वाट, हे सारे प्रयोगाचेच अंग म्हणून पत्करावे लागते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापून जे कार्य आरंभिले, ते मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. अर्भकांचा न्यूमोनिया हा तेथील एक मोठा काळ होता. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालला, तर न्यूमोनियाचा संशय धरावा, हा नियम सोपा खरा. पण ज्या सुइणीला साठापर्यंत अंकच मोजता येत नाहीत, तिने तो पाळावा कसा? तिला अडाणी ठरवून बाजूस सारण्याऐवजी संशोधकांनी साधनच बदलले. एका पट्टीवर ओवलेले मणी आणि सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांमागे सुइणीने एक मणी सरकवावा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर आजार ओळखावा. बाळाच्या उघड्या पोटाची हालचाल न्याहाळीत बसलेल्या त्या स्त्रीच्या बोटांत शास्त्र असे उतरले!

पुढे नवजात बालकांच्या घरच्या घरी शुश्रूषेचा प्रयोग झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास इंजेक्शनही देत. तुलनेसाठी ठेवलेल्या ४७ गावांत मात्र प्रचलित सरकारी सेवाच चालू होत्या. प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे ठेवणे भाग होते. ज्या घरी नुकतेच मूल दगावले तेथे जाऊन मृत्यूची हकीगत विचारणे, आणि तीही तुलनेच्या गावात, हे या कामातील सर्वांत जड कर्तव्य असले पाहिजे. त्याविना उपायाचा गुण सिद्ध झाला नसता, हे जाणूनही मन अस्वस्थ होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

२०११ पासून केंद्र सरकारने ही गृहभेटींची पद्धत देशभर लागू केली. आज आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. बाळ घरीच जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर आणि वजनकाटा असतो.