गोळीचा साचा : तासाभराचे काम, सात वर्षांची कैद

उमरीसारख्या भागात रानडुकरे आणि रोही पिकात शिरले की शेतकऱ्याला घरातली बंदूक आठवते. काडतूस महाग, मिळायलाही अडचण. मग शिसे वितळवून गोळ्या ओतण्याचा साचा हवा म्हणून एखादा गिऱ्हाईक लेथवाल्याकडे येतो. काम तासाभराचे, पैसेही बरे. अशा वेळी कारागीर बांधवांनी सरळ नकार द्यावा, असे आम्ही कळकळीने सांगतो.

ठासणीच्या बंदुकांच्या काळी शिकारी घरीच गोळ्या ओतत. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीवर काम भागे. नुसते शिसे मऊ. कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या कार्बाइनमध्ये वेग बेताचा असल्याने अशी गोळी चालते. रायफलच्या वेगाला मात्र शिसे नळीच्या आट्यांत चिकटते, म्हणून गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवतात. अमेरिकेत हौशी शिकारी रिकाम्या पितळी पुंगळ्या आजही घरी पुन्हा भरतात.

आपला कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्यार किंवा दारूगोळा बनवायला, विकायला, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

‘गिऱ्हाइकाकडे बंदुकीचा परवाना आहे, मग आम्हाला काय?’ असे काही जण विचारतात. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, तुमच्या कारखान्यात काम करण्याचा नव्हे. परवाना त्याचा, गुन्हा तुमचा! शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही.

गिऱ्हाइकाला तोडून बोलू नका. पीकनुकसानीच्या भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करायला सांगा. आपल्या लेथला पंपाची बुशिंगे आणि मळणीयंत्राचे भाग पुष्कळ आहेत. जाळ्यांची शिशे ओतणाऱ्यांनीही भट्टी उघड्या हवेत, घरापासून दूर ठेवावी. शिशाची वाफ आणि धूळ लेकरांच्या मेंदूला अपाय करते. हुनर कमावायला वर्षे लागतात; एका साच्यापायी ते तुरुंगात घालवू नये.