बारा ग्रॅमची नळकांडी आणि नगरचं ऊन

मढीच्या कानिफनाथ यात्रेत फुगे फोडायला मिळते ती बंदूक नळी मोडून छरा भरायची. तिच्या पोटात स्प्रिंग असते, गॅस नसतो. हौशी नेमबाजांच्या काही एअर पिस्तुलांचा प्रकार मात्र निराळा. त्यांच्या मुठीत बोटाएवढी पोलादी नळकांडी बसते आणि तिच्यात 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. तोही बराचसा द्रवरूपात. या पिस्तुलाची सगळी करामत त्या द्रवात आहे, आणि धोकाही.

20 अंश तापमानाला नळकांडीतला दाब असतो सुमारे 57 बार, म्हणजे 830 पीएसआय. मोटारीच्या चाकात आपण भरतो 30 ते 35. आतला सगळा गॅस बाहेर सोडला तर साधारण साडेसहा लिटर जागा व्यापेल.

गंमत अशी की आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब कमी होत नाही. थोडा गॅस खर्च झाला की तेवढा द्रव उकळतो आणि जागा भरून काढतो. म्हणून एकामागून एक छरे जवळपास सारख्या वेगाने सुटतात. द्रव संपला की वेग एकदम ढेपाळतो. मात्र घाईघाईने चाप ओढत राहिलं, तर द्रव असूनही वेग पडतो, कारण उकळताना तो स्वतःच गार होतो. दमट हवेत अशा वेळी मुठीवर दव धरतं.

आता उन्हाचं बघू. शून्य अंशाला दाब 35 बार, 30 अंशाला 72. डिसेंबरातल्या नगरच्या पहाटेला मंद वाटणारं पिस्तूल एप्रिलच्या दुपारी जोरकस होतं ते यामुळेच. पण 31 अंशांच्या जरा वर या वायूचं वागणंच बदलतं. द्रव आणि वायू असा भेद तिथे उरत नाही आणि दाब भराभर चढतो. गच्च भरलेली नळकांडी 40 अंशांवर शंभर बार सहज ओलांडते. नगरला एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी नवी नाही, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पारा त्याच्याही पुढे जातो. सुमारे 50 अंश ही उत्पादकांची नेहमीची मर्यादा. तेव्हा डॅशबोर्ड, डिकी, पत्र्याची शेड, चुलीजवळचा कोनाडा, यातली एकही जागा नळकांड्यांची नाही. सावलीतलं, मुलांचा हात पोचणार नाही असं कपाट हवं.

नळकांडी बसवताना पिस्तूल रिकामं, सेफ्टी लावलेली आणि तोंड मोकळ्या दिशेला. डोळ्यांवर चष्मा हवाच. स्क्रू पिळला की आतली सुई नळकांडीच्या टोकाला भोक पाडते आणि ‘फस्स’ होऊन आवाज बंद होतो. तो बंद झाला नाही तर वॉशर गेला असं समजावं. टोकाला थेंबभर तेल लावतात ते कार्बन डायऑक्साइड बंदुकांसाठी मिळणारंच लावा. शिलाई मशीनचं किंवा गाडीचं तेल वॉशर खराब करू शकतं.

काढताना घाई नको. स्क्रू हळूहळू सैल करा, उरलेला गॅस पूर्ण जाऊ द्या आणि मगच नळकांडीला हात लावा. मोकळ्या हवेत हा वायू द्रवरूपात टिकत नाही. जोरात सुटला की त्यातल्या काहीचा उणे 78 अंशांचा बर्फ होतो आणि कातडी भाजल्यासारखी होते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वापरलेली नळकांडी वेल्डिंग करून पुन्हा भरायचा जुगाड कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. ती एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते आणि तिला सुरक्षा झडप नसते. भंगारात टाकण्याआधी टोकाला भोक पडलंय का तेही पाहा. भरलेली नळकांडी भट्टीत गेली तर तिथल्या कामगाराच्या जिवावर बेतेल.

या वायूचं आपल्या जिल्ह्याशी जुनं नातं आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि अशा कारखान्यांच्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल होतं. आंबवताना 180 ग्रॅम ग्लुकोजमागे अल्कोहोल निघतं जास्तीत जास्त 92 ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड 88, जवळजवळ निम्म्यास निम्मं! बऱ्याच डिस्टिलऱ्या हा वायू साठवून शुद्ध करतात आणि तो सोड्यात, सुक्या बर्फात, सिलिंडरांत जातो.

स्पर्धेच्या 10 मीटर रायफली आता कार्बन डायऑक्साइडवर चालत नाहीत. त्यांना लागते सुमारे 200 बार दाबाची हवा, कारण तिच्यावर थंडी-उन्हाचा परिणाम कमी होतो. टाकीवरची मुदत संपलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच.

आपल्याकडे गॅस सिलिंडरांवर नजर असते ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची. पण 2016 च्या नियमांत 500 मिलिलिटरपेक्षा मोठी भांडीच ‘सिलिंडर’ ठरतात. त्यामुळे बोटाएवढ्या नळकांडीची काळजी वापरणाऱ्याच्याच हाती.

आणि ती किती भरली आहे हे दाबावरून कळत नाही, वजनावरून कळतं. कचेरीतल्या काळ्या भोंग्याच्या कार्बन डायऑक्साइड अग्निशामकाकडे एकदा नीट बघा. त्याला दाब दाखवणारा काटा नसतो. तपासणीला येणारा माणूस तो उचलून सरळ वजनकाट्यावर ठेवतो.