सोन्याचा दगड फोडायचा कशानं?

2025 साली सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं आणि सीमाभागातल्या लग्नघरांचे हिशोब कोलमडले. त्याच सुमारास माझ्याकडे एक वेगळीच चौकशी येऊ लागली. ‘केजीएफ’ चित्रपटाचे दोन्ही भाग पाहिलेली, मोबाईलवर परदेशातले सोनं शोधणारे लोक पाहणारी मुलं विचारतात, “सर, दगड फोडायचं लहान मशीन कुठलं घ्यावं?” भूगोल शिकवणाऱ्या माणसाला यंत्रांची माहिती असतेच, अशी त्यांची समजूत!

आपल्या नदीचं नाव हिरण्यकेशी. हिरण्य म्हणजे सोनं. पण आंबोलीकडून आजरा, गडहिंग्लज करत ती संकेश्वरला येते ती काळ्या कातळावरून, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्यावरून. पुढे गोकाकच्या बाजूला वालुकाश्म लागतो. या खडकांत सोन्याची आशा धरू नये. चमकणारं काही सापडलंच तर ते बहुधा अभ्रक नाहीतर सुवर्णमाक्षिक असतं. हातोडीच्या घावाखाली माक्षिकाचा चुरा होतो, सोनं मात्र चेपून पसरतं. ही परीक्षा फुकट आहे.

खरं सोनं पाहायचं तर हुबळी ओलांडून गदगकडे जावं लागतं. तिथल्या कप्पतगुड्डाच्या परिसरात आणि पलीकडे रायचूर जिल्ह्यात हट्टीला जुने, सोनं धरणारे खडक आहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं आजोळ शिरहट्टी तालुक्यातलं. मामाच्या शिवारातल्या गारगोट्या तो पिशवीत भरून घेऊन आला होता. मामा त्यांना बेणचुकल्लू म्हणतात. एका विक्रेत्याचं दरपत्रकही त्याच्या खिशात होतं, आणि येणारं उसाचं बिल त्यातच घालायचा त्याचा विचार होता.

आपल्याकडे क्रशर म्हटलं की महामार्गालगतचा खडी क्रशर डोळ्यांपुढे येतो. सोन्याच्या कामाचे लहान प्रकार दोन-तीनच. एक जबड्याचा. त्यात मुठीएवढा दगड घातला की हरभऱ्याएवढे तुकडे पडतात, पीठ होत नाही. लहान म्हणतात तोही दोघांनी उचलायचा. दुसरा घणांचा किंवा साखळ्यांचा. बंद डब्यात ते गरगर फिरतात आणि एकाच फेरीत दगडाचं पीठ होतं. पेट्रोल इंजिनवर चालतो, म्हणून डोंगरात नेता येतो आणि म्हणूनच मुलांना आवडतो. पण गारगोटी लोखंडाहून कठीण. ती घण खाते, साखळ्या खाते, आणि सुट्या भागांचा खर्च दरपत्रकात छापलेला नसतो. तिसरी गोळ्यांची गिरणी. पिंपात पोलादी गोळे, दगडाचा चुरा आणि पाणी घालून पिंप फिरवत ठेवायचं. काम संथ, वजन भारी, पण ओल्यानं चालत असल्यामुळं धूळ जवळजवळ नाही. तिघांतून एक निवडच म्हणाल तर मी हीच निवडीन. डोंगरात मात्र ती जायची नाही.

विद्यार्थ्यानं कागदावर हिशोब मांडला होता. मशीन तासाला 50 किलो दगड दळणार, आठ तासांत 400 किलो. टनाला 4 ग्रॅम सोनं धरलं तर दिवसाला 1.6 ग्रॅम. पाहायला सुरेख! पण असा दगड खाणीत खोलवर, वर्षानुवर्षं भोकं पाडून, नमुने तपासून सापडतो. उघड्यावर पडलेल्या बहुतेक गारगोट्यांत सोनं नसतंच. शिवाय असलेलं सगळंच सोनं मोकळं नसतं, बरंचसं गंधकी खनिजांत इतकं बारीक अडकलेलं असतं की नुसतं दळून आणि धुऊन हाती येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाहीच. या दगडात सोनं आहे का, हे आधी कळायला हवं, आणि तेवढ्याला लोखंडी खलबत्ता पुरतो. ठिणग्या आणि कपच्या उडतात म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. किलोभर दगड ओला करून कुटायचा, बारीक चाळणीनं चाळायचा, वर राहिलेलं पुन्हा कुटायचं. चाळणीवर शेवटी उरलेलं नीट पाहायचं, कारण सोनं फुटत नाही, चपटं होऊन वरच राहतं. खलाचे लोखंडी कण चुंबकानं काढायचे. एक नमुना झाला की खल घासून धुवायचा, नाहीतर आधीच्या दगडाचं सोनं पुढच्यात दिसतं. टनाला 4 ग्रॅमचा दगड असला तरी किलोत 4 मिलिग्रॅम सोनं, म्हणजे जेमतेम तिळाच्या वजनाचं.

गदगकडचे जालगार तर दगड फोडायच्या भानगडीत पडायचेच नाहीत. कानडीत ‘जालिसु’ म्हणजे पाण्यात धुऊन खडे वेगळे करणं. आपल्या आया रोवळीत तांदूळ रोळतात, तसंच. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात जालगारांची नोंद आहे. पाऊस डोंगर झिजवतो, ओढा दगडाचं पीठ करतो, आणि ते नेमकी जागा हेरून गाळ धुवायचे. गारगोटी पाण्याच्या अडीच पटींहून थोडी जड, सोनं एकोणीस पटींहून अधिक. धुण्याचं सगळं शास्त्र एवढ्या फरकावर उभं आहे. हट्टीला सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या माणसांनी मात्र विस्तव पेटवून खडक तडकवला आणि खडकातल्याच उखळांत, म्हणजे ओरळात, तो दळला.

मुलांना मी जास्त दटावतो ते धुळीवरून. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की कायमची. सिलिकोसिस या रोगाची भारतातली पहिली नोंद 1934 साली झाली, तीही कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांची. पुढे चाळीसच्या दशकात तिथल्या 7,500हून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा 40 टक्क्यांहून अधिक जणांत तो आढळला. त्यावर औषध आजही नाही. घणाचं मशीन घराच्या पडवीत चालवणारा माणूस ही धूळ बायकामुलांनाही वाटतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पाऱ्यानं सोनं धरायची युक्ती सांगणारेही भेटतात, त्या वाटेला तर जाऊच नये. पारा तापवला की वाफ श्वासात जाते.

राहिला कायदा. शेत स्वतःचं असलं तरी सोन्यासाठी परवान्याशिवाय शोधकाम करता येत नाही. 1957च्या खाण कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्खननाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड आहे. कप्पतगुड्डा तर 2019 पासून वन्यजीव अभयारण्य. मामांच्या शिवाराची हद्द तिथून किती लांब, हे विचारल्यावर विद्यार्थी गप्प झाला.

मशीन घ्यायचंच असेल तर त्याला कायदेशीर गिऱ्हाईक आपल्याच मुलखात आहे. विटा, आटपाडी, खानापूरची गलाई करणारी माणसं भारतभर पसरली आहेत. इथं जवळ कोल्हापूरची गुजरी आहे, हुपरीचा चांदीचा धंदा आहे. फुटक्या मुशी, भट्टीची राख, दुकानातला केर यांत सोन्याचांदीचे कण खरोखरच असतात. मूस गारगोटीहून मऊ, त्यामुळं मशीनही कमी झिजतं. विद्यार्थ्याला मी हुपरीच्या एका ओळखीच्या गलाईवाल्याचा पत्ता दिला. मशीन घेण्यापूर्वी आपल्या हातचा पाच किलो माल त्याच मशीनमधून दळून दाखव म्हणायचं, दळलेलं पीठ स्वतः चाळून पाहायचं आणि घणांचा जोड कितीला पडतो ते लिहून घ्यायचं, एवढं बजावून सांगितलं. गारगोट्यांची पिशवी अजून आमच्या प्रयोगशाळेतच आहे. त्यांतल्या तीन कुटून झाल्या, सात राहिल्यात.